उभी फरशी, आडवी फरशी

फरशीच्या दुकानात मला सगळ्यात आधी खटकतं ते हे, की तिथे फरशी उभी असते. फिरत्या चौकटीवर, भिंतीवर, सरकत्या फळीवर, जिथे बघावं तिथे उभी. आपल्या डोळ्यांच्या अगदी समोर, आणि वरून दिव्याचा झोत. घरी आल्यावर मात्र ती जन्मभर आडवी पडणार. तिच्यावर खिडकीतून तिरका उजेड येणार आणि आपण तिच्याकडे पाच-साडेपाच फुटांवरून, चालता चालता, ओझरतं बघणार. उभ्या फरशीवर डिझाईन दिसतं. आडवीवर धूळ, केस, ओल्या पावलांचे ठसे आणि सांधे दिसतात. म्हणून हल्ली दुकानात शिरले की मी म्हणते, "ही जरा खाली ठेवून दाखवता का?" त्यावर समोरचा काय करतो यावरून बरंच कळतं. कुणी लगेच पोऱ्याला हाक मारून चार फरशा जमिनीवर मांडायला लावतो. कुणी म्हणतो, "मॅडम, खालीसुद्धा अशीच दिसते."

अशी अजिबात दिसत नाही.

घरातली फरशी बदलायचं आमच्याकडे बरेच दिवस घाटत होतं. दोन-तीन ठिकाणी ती पोकळ वाजायला लागली होती, बाथरूमच्या दाराशी एक लादी डुगडुगत होती, आणि सासूबाईंचा पाय एकदा तिथेच सटकला. दाराची चौकट हाताशी आली म्हणून निभावलं. मग मात्र मनावर घेतलं. गंमत अशी की मनावर घेतल्याबरोबर जो तो एकच विचारायला लागला: घ्यायची कुठून? कोणती घ्यायची, हे कुणाच्याच तोंडून आलं नाही. नवऱ्याच्या मित्राने एका मोठ्या शोरूमची तारीफ केली. मिस्त्री म्हणाला, "आपल्या ओळखीचं दुकान आहे ताई, तिथेच बघू." दिराने रात्री उशिरा कुठल्याशा ऑनलाइन सेलची लिंक धाडली. सासूबाईंचं म्हणणं, मागची जिथून घेतली तिथूनच घ्या. ते दुकान बंद होऊन जमाना लोटलाय, हे त्यांना कोण सांगणार!

पण विचार केला तर सगळे नकळत बरोबरच विचारत होते. कारण दुकान ठरलं की निम्मी फरशी तिथेच ठरून जाते. टाईल्सच्या दुकानात पाऊल ठेवलं की घरातल्या प्रत्येक खोलीचं उत्तर टाईल्स. दगडाच्या यार्डात गेलात तर खऱ्या दगडापुढे बाकी सगळं छापील. लाकडी फ्लोअरिंगवाल्याला टाईल्स पायाला गार आणि कडक लागतात, आणि व्हिनाइलवाला, म्हणजे प्लास्टिकची फरशी विकणारा, म्हणतो, तोडफोड कशाला करता, आहे त्यावर दोन दिवसांत अंथरून देतो. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या मालापुरतं खरं असतं. अडचण एवढीच, की आपण रिकाम्या हाताने आत गेलो तर बाहेर पडताना त्याचंच मत आपलं मत होऊन आलेलं असतं.

तेव्हा आम्ही आधी कागद घेऊन बसलो. खोलीवार लिहिलं: पाणी कुठे सांडतं, ऊन कुठे येतं, चपला कुठपर्यंत आत येतात, खुर्च्या कुठे सरकतात, रात्री उठून अनवाणी कोण चालतं. आणि सर्वांत शेवटी, खाली काय आहे. हा शेवटचा प्रश्न नवऱ्याने घातला आणि तोच पुढे सगळ्यात कामाला आला. त्या कागदावरून निघालं ते असं: ओल्या जागी आणि स्वयंपाकघरात टाईल्सच, त्यात वाद नाही, हॉलमध्ये टाईल्स किंवा दगड, झोपायच्या खोलीत लाकूड किंवा लाकडासारखं काहीतरी. म्हणजे एका दुकानात भागणार नव्हतं.

दगडाचं यार्ड आधी बघितलं, कारण नवऱ्याला संगमरवराचं भारी वेड. यार्डाला मी एक श्रेय देते: तिथे नमुना नावाचा प्रकारच नसतो. जे दिसतं तोच माल. लोखंडी घोड्यांना रेलून ठेवलेल्या लाद्या, अंगावर दगडाची पांढरी भुकटी. विकणाऱ्याने बादलीतलं पाणी हातानेच शिंपडलं आणि करडा वाटणारा दगड एकदम गडद होऊन त्यातल्या शिरा वर आल्या. पॉलिश केल्यावर साधारण असा दिसेल, म्हणाला. मग त्याने स्वतःच लादी थोडी पुढे ओढून मागची बाजू दाखवली. मागे जाळी चिकटवलेली होती. दगड नाजूक असला, भेगा असल्या की असा आधार देतात. वापरायला हरकत नसते, पण माहीत असायला हवं. एकाच ठोकळ्यातून कापलेल्या लाद्यांवर ओळीने क्रमांक असतात, त्या क्रमाने घेतल्या तरच शिरा एकमेकींशी जुळतात. ठरल्या की लादीच्या कडेवर मार्करने आपलं नाव टाकायचं आणि फोटो काढून ठेवायचा, हेही त्यानेच सांगितलं.

एवढा सरळ माणूस भेटूनही आम्ही संगमरवर घेतला नाही. त्याचं कारण दुकानात नव्हतं, दगडातच होतं. संगमरवर मुख्यतः कॅल्साइट नावाच्या खनिजाचा बनलेला असतो. कठीणपणाच्या मोह्स मापावर कॅल्साइट ३ वर येतं आणि चपलांबरोबर घरात येणाऱ्या वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. त्यामुळे रोजची वाळू त्याला रोज थोडी ओरबाडत राहते. शिवाय कॅल्साइटचं आम्लाशी वाकडं. लिंबाचा रस सांडून तसाच राहिला तर डाग पुसला जातो, पण तिथली चकाकी जाते ती जातेच. ग्रॅनाइट ६ ते ७ च्या घरातला, म्हणजे त्या मानाने बराच टणक. नवरा म्हणाला, जुन्या वास्तूंमध्ये नाही का शतकानुशतकं टिकला? टिकलाय की. पण तिथे आपल्याला झिजलेला संगमरवर देखणा वाटतो आणि आपल्याच हॉलमध्ये तोच खराब झालेला वाटतो. ही माझी समजूत; त्याला अजून पटलेली नाही.

आता शोरूम. तिथलं गारेगार वातावरण, पूर्ण मांडलेली नकली बाथरूम, नळाला पाणी नसलेलं नकली स्वयंपाकघर, सगळं बघताना आपण फरशी बघतोय की तिथलं जगणं, हा प्रश्न पडतो. त्या बाथरूममध्ये कुणाची ओली बादली नाही, कुणाचा पंचा नाही. फरशी छान दिसणारच. दिव्यांचा खेळ तर असा, की घरी ज्यांच्याकडे पिवळसर उबदार दिवे आहेत (साधारण २,७०० ते ३,००० केल्व्हिनचे), त्यांनी शोरूमच्या पांढऱ्या उजेडात पसंत केलेली राखाडी फरशी घरी आल्यावर मातकट दिसू शकते. फरशी तीच, डोळेही तेच. बदलला तो उजेड.

आणखी एक गोष्ट शोरूमला जाऊन येणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. समोर लावलेला नमुना आणि घरी येणारा माल एकाच वेळी भाजलेला असेलच असं नाही. नमुना वर्षा-दोन वर्षांपूर्वी लावलेला असतो, माल दूरच्या गोदामातून येतो. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याचा रंग अगदी किंचित वेगळा पडतो, मापही एखाद्या मिलिमीटरने इकडे-तिकडे होतं. म्हणून खोक्यावर लॉट किंवा शेड क्रमांक छापलेला असतो आणि मापाचा वेगळा, ज्याला कॅलिबर म्हणतात. दोन लॉट एका खोलीत मिसळले, तर शेजारी शेजारी ठेवून कळणार नाही, पण पूर्ण हॉल घातल्यावर मध्येच एक पट्टा उमटतो आणि तो एकदा दिसला की दुसरं काही दिसत नाही. "एकच लॉट सगळ्या मालाला मिळेल का, आणि तो बिलावर लिहून द्याल का?" हे विचारल्यावर एका चकचकीत शोरूममधला तरतरीत मुलगा गोंधळला आणि आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. उत्तर आलं, "शक्यतो एकच येतो." शक्यतो! हजार चौरस फुटांचा संसार शक्यतोवर कसा मांडायचा?

खोकं वाचायला शिकणं हा या सगळ्या भटकंतीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. आधी मी खोक्याकडे बघतही नव्हते, आता आधी खोकंच बघते. पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्का किंवा त्याहून कमी असेल तर ती पोर्सेलिन गटातली, म्हणजे घट्ट भाजलेली. आपण जिला व्हिट्रिफाइड म्हणतो तीही इथेच बसते. वर चकाकीचा थर असलेल्या फरशीला झीज किती सोसते हे सांगणारी पीईआय नावाची श्रेणी असते, ० ते ५. शून्यवाली फक्त भिंतीला, आणि वर्दळीच्या खोलीला तीन-चार तरी हवीच. व्ही १ ते व्ही ४ असंही काही ठिकाणी असतं. त्याचा अर्थ एकीपासून दुसरी फरशी किती वेगळी दिसेल. व्ही ४ असेल तर एकच नमुना बघून पसंत करण्यात काही अर्थच नाही, दहा-बारा फरशा पसरून बघायला हव्यात. संगमरवरी शिरांच्या छापील फरशांचीही तीच गत. किती वेगवेगळे छाप आहेत, हे विचारून घ्यावं. चारच असतील तर महिन्याभरात तुम्हाला हॉलमध्ये एकच शीर जागोजागी भेटायला लागेल आणि खऱ्या दगडाचा सगळा आव उतरेल.

'फर्स्ट क्वालिटी' हा शब्द दुकानात फार ऐकू येतो. आयएसओ १३००६ हे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही किमान ९५ टक्के फरशा नजरेला दिसणाऱ्या दोषांपासून मुक्त असाव्यात एवढीच अट आहे. म्हणजे शंभरात पाच फरशा डागी निघाल्या तरी मानक मोडत नाही. यात फसवणूक नाही. शहाणा मिस्त्री अशा फरशा बाजूला काढून कडेच्या तुकड्यांना वापरतो. पण खोकी न उघडताच "सगळा माल एक नंबर" म्हणणारा दुकानदार मला त्या दिवसापासून थोडा कमी भरवशाचा वाटतो.

सासूबाईंच्या सटकलेल्या पायामुळे घसरणीचा प्रश्न आमच्यासाठी सगळ्यात वरचा होता. त्याची चाचणी कशी करतात हे वाचल्यावर मी थक्क झाले. एका उतरत्या फळीवर फरशा बसवतात, त्यांवर तेल ओततात आणि ठरावीक बूट घातलेला माणूस त्यावर पुढे-मागे चालतो, दोरीला बांधून घेऊन. फळी हळूहळू तिरकी करत नेतात. किती अंशाला तो घसरतो, त्यावरून आर ९ ते आर १३ अशी श्रेणी देतात. ६ ते १० अंशांत घसरला तर आर ९, १० ते १९ मध्ये आर १०, १९ ते २७ मध्ये आर ११. ओल्या जागी अनवाणी चालण्यासाठी वेगळी चाचणी असते, तिच्या श्रेणी ए, बी, सी. ही माहिती हातात घेऊन मी दुकानोदुकानी एकच प्रश्न विचारला: "बाथरूमसाठी दाखवताय ती आर किती?" एकाने बूट काढून फरशीवर पाय घासून दाखवला. "बघा ना, कुठे घसरतोय?" कोरड्या फरशीवर, मोजे घालून! दुसऱ्याने मॅट आहे म्हणजे घसरणार नाही असं सांगितलं. मॅट दिसणं आणि पायाला पकड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा होता त्याने खोकं उलटं करून वाचलं, "आर ९ आहे हो ही, बाथरूमला नका घेऊ" म्हणाला, आणि जी काढून दिली ती आधीच्या निम्म्या तोऱ्याचीही नव्हती. त्या क्षणी त्याने आपलंच एक मोठं खोकं विकायचं सोडलं होतं. मी मनात त्याच्या नावापुढे खूण केली.

मिस्त्रीच्या ओळखीच्या दुकानाबद्दल लोक फार कडवट बोलतात. कमिशन असतं, हे उघड गुपित आहे. मिस्त्रीला मिळतं, कंत्राटदाराला मिळतं, सजावटकाराला मिळतं. मला त्याचा राग येत नाही; राग लपवाछपवीचा येतो. उलट बाजूही आहे, जी आपण विसरतो. फरशी एकाकडून, चिकटवायचा मसाला दुसऱ्याकडून, काम तिसऱ्याकडून, असं केलं की पुढे काही बिनसलं तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. मिस्त्री म्हणणार, फरशीच वाकडी होती. दुकानदार म्हणणार, बसवणाऱ्याचा हात कच्चा. मसालेवाला म्हणणार, पाणी जास्त घातलं. पोकळ वाजणाऱ्या फरशीचं तर हटकून असंच होतं, कारण ती बहुतेक वेळा खाली मसाला पुरेसा न पसरल्यामुळे वाजते. अमेरिकी पद्धतीत कोरड्या जागी फरशीच्या मागच्या बाजूचा किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग मसाल्याने भरलेला असावा लागतो. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे गोळे ठेवून फरशी दाबली की हिशेब कुठून बसणार? पण फरशी बसल्यावर खाली डोकावून कोण बघतं! मिस्त्रीच्याच दुकानातून माल आला असेल तर निदान "तुमची फरशी वाईट" हे वाक्य त्याला उच्चारता येत नाही. आम्ही शेवटी मिस्त्रीला सरळच विचारलं, तिथून घेतलं तर तुला काय सुटतं? तो आधी लाजला, मग आकडा सांगितला. म्हटलं, तेवढे आम्ही वरून देतो, पण दुकान आम्ही निवडतो आणि माल आल्यावर खोकी तू तपासून घ्यायची, नंतर तक्रार चालणार नाही. त्याला हे इतकं मानवलं की पुढे सगळीकडे तोच आमच्या बाजूने भांडला.

त्याची फरशी तपासायची रीत बघण्यासारखी होती. दोन फरशा घेऊन तोंडाला तोंड लावायच्या आणि उजेडाकडे धरून मधली फट बघायची. मध्ये फुगवटा असेल तर कडांना उजेड दिसतो, खोलगट असेल तर मध्ये. लाकडासारख्या दिसणाऱ्या लांबट फरशांमध्ये हा फुगवटा थोडा असतोच, कारण लांब वस्तू भट्टीत सरळ राहणं अवघड. म्हणून त्या विटांसारख्या निम्म्यावर निम्म्या न घालता एकतृतीयांश सरकवून घालतात, म्हणजे एकीचा उंच भाग दुसरीच्या खाली दबलेल्या टोकाशी येत नाही. हे त्याला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. दुकानातल्या कुणी सांगितलंही नव्हतं.

मापाचा एक हिशेब मात्र दुकानातच करून घ्यावा. ज्या फरशीला सगळे 'दोन बाय दोन' म्हणतात ती असते ६०० बाय ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ दहा मिलिमीटर कमी. चार फरशांचं खोकं १.४४ चौरस मीटर भरतं, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. तोंडी हिशेबात त्याचे सोळा होतात. हजार चौरस फुटांना सोळाने भागलं तर ६३ खोकी लागतात, साडेपंधराने भागलं तर ६५. वर तोडफोड आणि कापाकापीसाठी सरळ मांडणीला दहा टक्के, तिरक्या मांडणीला पंधरा टक्के जादा धरायचे. दोन खोकी कमी पडली आणि तो लॉट संपलेला असला, की मघाचा तो पट्टा आलाच म्हणून समजा.

वजनाचं तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. नऊ मिलिमीटर जाडीचं असं एक खोकं साधारण तीस किलोचं. पासष्ट खोकी म्हणजे जवळपास दोन टन. दोन टन माल कुठपर्यंत आणून देणार, हा प्रश्न भावाच्या घासाघिशीत राहून जातो आणि ट्रक दारात उभा राहिल्यावर आठवतो. 'पोहोच मोफत' याचा अर्थ काही ठिकाणी इमारतीच्या फाटकापर्यंत, काही ठिकाणी घरात, आणि एका ठिकाणी, हे मी स्वतः ऐकलं, "ट्रकमधून उतरवण्यापर्यंत". जिना, लिफ्ट, चढवणारी माणसं, फुटलेलं खोकं कुणाच्या नावावर, हे सगळं बिलावर असलेलं बरं. तोंडी वचनाला दोन टनांचा भार सोसत नाही.

इथेच ऑनलाइनचा विषय माझ्यापुरता मिटला. दिराची लिंक वाईट नव्हती. भाव खरंच उतरलेला होता. पण न आवडलेला शर्ट परत पाठवणं आणि न आवडलेले दोन टन परत पाठवणं यात फरक आहे. पडद्यावरचा रंग तर प्रत्येक फोनवर वेगळा. तरी मी ऑनलाइनचा भरपूर उपयोग करून घेतला, तो वाचनालय म्हणून. कंपन्यांची तांत्रिक पत्रकं तिथे फुकट वाचायला मिळतात, आणि पत्रक वाचून दुकानात गेलं की बोलण्याचा सूरच बदलतो. उरलेल्या मालाचे ढीग विकणारी ठिकाणंही पाहिली. एखाद्या छोट्या बाथरूमला, कोठीच्या खोलीला ती उत्तम. हॉलला मात्र तिथून घ्यायची हिंमत झाली नाही. पुढे एक फरशी फुटली तर जोड मिळायची सोय नाही.

माझ्या दृष्टीने निकाल लागला तो नमुन्यावर. ज्या ज्या ठिकाणी पसंती बसत आली, तिथे मी एकच मागणी केली: पूर्ण आकाराच्या दोन फरशा काही दिवसांसाठी घरी द्या, अनामत ठेवून घ्या. बोटभर तुकडा नको. मोठ्या शोरूमने त्यांच्याकडे तशी पद्धत नाही असं सांगितलं. एकाने छापील कॅटलॉग दिला. आधीचा तो खोकं उलटं करून वाचणारा, त्याने दोन दिल्याच, वर तिसरी आपल्या मनाने दिली, "ही पण टाकून बघा, डाग कमी दिसतील." आम्ही त्या हॉलमध्ये टाकून ठेवल्या. सकाळच्या उन्हात, दुपारी, रात्री दिव्याखाली बघितल्या. पाणी सांडून बघितलं. पेनाने रेघ मारून पुसून बघितली. चकाकीचा थर नसलेल्या, घासून गुळगुळीत केलेल्या काही फरशांमध्ये शाई सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते, ते असं घरीच कळतं. मुलीने त्यावर केस विंचरले आणि जाहीर केलं की या पांढरीवर सगळं दिसणार. दुकानात जी मला सगळ्यात आवडली होती ती दोन दिवसांत सगळ्यात नावडती झाली, आणि त्याने आपल्या मनाने दिलेली तिसरीच घरात राहिली.

त्याचं दुकान मोठं नाही. मागे स्वतःचं गोदाम आहे, ही जमेची बाजू, कारण लॉट तिथे जाऊन डोळ्यांनी बघता येतो. भाव सगळ्यात कमी नव्हता, मध्यम होता. पण त्याने पहिल्या भेटीत "बजेट किती?" विचारलं नाही. विचारलं ते असं: "जुनी काढणार, की त्यावरच बसवणार? खालून ओल आहे का? दारांच्या खाली फट किती?" आमच्या कागदावरचा शेवटचा प्रश्न त्याच्या तोंडून पहिला आला. जुन्या फरशीवरच नवी चिकटवली तर फरशी आणि मसाला मिळून दीडेक सेंटिमीटर उंची वाढते. दारं खालून कापावी लागतात, बाथरूमचा उंबरठा बुडतो आणि पाणी बाहेर यायला मोकळं होतं. जुनी पोकळ वाजत असेल तर त्यावर नवी बसवण्यात अर्थच नाही. "काढाच," तो म्हणाला, "धूळ होईल, पण काढा." त्यात त्याचा एक पैशाचा फायदा नव्हता. न उघडलेली खोकी किती दिवसांत परत घेणार, तेही त्याने बिलाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिलं. मी दोन खोकी जास्तीची घेतली आणि परत करणार नाही म्हटलं, तर हसला. "नकाच करू. पुढे नळवाला येऊन एक तरी फोडतोच."

झोपायच्या खोल्यांचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे. त्याच्याकडे लाकूड नाही, आणि नसल्याचं त्याने लगेच सांगितलं. लॅमिनेट, म्हणजे वर लाकडाचं छापील चित्र असलेली पट्टी, घ्यायचं तर त्यावर एसी ३, एसी ४ अशा झिजेच्या श्रेणी असतात. आतला गाभा दाबलेल्या लाकूडचुऱ्याचा, त्यामुळे सांध्यातून पाणी मुरलं की फुगतो. व्हिनाइलमध्ये वरच्या थराची जाडी बघायची, घराला ०.३ मिलिमीटर चालते, दुकानांना ०.५५ घालतात. खरं लाकूड वर आणि खाली प्लायसारखे थर असलेली पट्टी घेतली तर वरचा थर किती जाड यावर ती पुढे घासून पुन्हा नवी करता येईल की नाही हे ठरतं. नवऱ्याला खरं लाकूड हवंय. मला व्हिनाइल चालेल. सासूबाई म्हणतात, इथेही तीच फरशी घाला आणि विषय संपवा. परवा एका लाकडी फ्लोअरिंगच्या दुकानात गेलो होतो, तिथल्या बाईंना विचारलं की लिनोलियम आणि व्हिनाइलमध्ये फरक काय. त्यांनी न अडखळता सांगितलं, एक जवसाच्या तेलाचं आणि लाकूडभुशाचं, दुसरं प्लास्टिकचं, आणि मग स्वतःहून विचारलं, "खोलीत दुपारचं ऊन किती वेळ असतं?" नमुन्याच्या पट्ट्या त्या शनिवारी देणार आहेत. पूर्ण लांबीच्या, असं मी दोनदा सांगून आले आहे.